रात्रीचं पाणी

वाशीमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीखाली पेनानं दोनदा रेघ ओढली होती. रात्री दहाला गोळी. रात्रभर दर दोन तासांनी पेलाभर पाणी.

"आजी, हे आजपासून," ते म्हणाले होते. "आजोबांचं ऐंशीचं वय, त्यात हे ऊन. संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही, तेही रोज. किडन्या किती सोसतील? आठ दिवसांनी पुन्हा तपासू. रक्तातला आकडा असाच चढला तर मग डायलिसिसचं मशीन."

ही काल दुपारची गोष्ट. रात्री भागिरथीबाईंनी नवऱ्याच्या उशाशी पेला ठेवला, तो सकाळी काठोकाठ भरलेला परत आला. गोळी शेजारीच होती.

मंगरूळपिरात पदमचंदजींचा चौविहार ठाऊक नाही असं घर सापडायचं नाही. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. जैन घरांतून हा नेम पुष्कळ जण धरतात आणि ताप आला, लग्न निघालं की सोडतातही. पदमचंदजींनी त्रेपन्न वर्षांत एकदाही सोडला नव्हता. जैनांच्या स्थानकाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या जागेच्या, भिंतीवर सूर्यास्ताचा जो तक्ता लागतो, तो दर साली तेच काढून देत, मंगरूळपिराच्या अक्षांश-रेखांशावरून, मिनिटाला मिनिट. छापील पंचांगात मुंबईची वेळ असते, म्हणायचे, मुंबईचा सूर्य आपल्या काय कामाचा.

हे गणित त्यांना विमानात आलं. एकाहत्तरच्या लढाईत ते बॉम्ब टाकणाऱ्या कॅनबेरा विमानावर नेव्हिगेटर होते. गावानं त्यांना केव्हाच पायलट करून टाकलं होतं. "अरे बापा, पायलट हाकते," ते समजावत. "कुठं वळायचं, कवा वळायचं, हे मी सांगतो. बॉम्बचं बटनबी माझ्याच हाती." लोक मान डोलवत आणि पुन्हा पायलटसाहेबच म्हणत.

त्यांच्या नेमाची गोष्ट गावाला पाठ होती, कारण ती भागिरथीबाईंनीच सांगितली होती. लग्नाला सहा महिने झाले होते. पदमचंदजी सुटीवर आलेले, आणि परत बोलावल्याची तार आली. एकोणीस वर्षांच्या भागिरथीबाईंनी दारातच त्यांना अडवून नेम दिला होता: परत येईस्तोवर रात्री पाणी प्यायचं नाही, मीही पिणार नाही. ते हसले, पण हो म्हणाले. आणि परत आले. छातीवर वायुसेना मेडल घेऊन आले. नेमाची मुदत संपली होती, तरी त्यांनी तो चालूच ठेवला. मग भागिरथीबाईंनीही. स्थानकात बायका हात जोडून ऐकत: तोफा धडाडत होत्या, आभाळात आग होती, आणि या माणसानं घशाखाली थेंब उतरू दिला नाही. नेमानंच त्याला उचलून घरी आणलं.

फक्त एक गोष्ट त्या कुणाला सांगत नसत. पदमचंदजी झोपेत मोजत. एकतीस, बत्तीस, तेहतीस. चाळीसला थांबत, श्वास अडकल्यासारखा होई, आणि पुन्हा एकपासून. नव्या नवरीला त्याची भीती वाटली होती. पुढं तिनं त्याला जप ठरवलं आणि कूस बदलून आपलाही जप करायला लागली. तरी जपाला कुणाला इतका घाम फुटतो का, हे काही तिनं स्वतःला विचारलं नाही.

आज चार वाजता भागिरथीबाईंना स्थानकात जायचं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत तिथं मुलांचं संस्कार शिबिर भरे, आणि त्यात एक दिवस भागिरथीबाईंचा असे. त्या मेडलं घेऊन जात आणि गोष्ट सांगत.

सकाळी गोजराबाई भांडी घासता घासता बोललीच. बावीस वर्षं ती या घरात येत होती आणि बोलण्याचा हक्क तिनं पहिल्याच वर्षी घेतला होता.

"काहून वो बाई, साहेबानं रात्री पानी नाईच पेलं म्हन्ते?"

"नाई पेलं."

"तुमचा देव लय कडक हाय बापा. आमचा बरा. त्याले नारळ फोडला का तो मोकळा अन् आमी मोकळे."

"गोजरा, देवानं नाई सांगतलं. स्थानकातल्या साध्वी, महासतीजी, सोता म्हणाल्या, आजारी माणसाले सूट असते. हेच आयकत नाईत."

"मंग चमच्यानं पाजा. माह्या सासऱ्याले मी नाक दाबून औषध पाजत होती."

नात टीना नागपुरात बँकेत होती, चार दिवसांची रजा काढून आली होती. ती हसली. "गोजरामावशी, दादाजींच्या नाकापर्यंत पोचायलाच विमान लागेल. दादी, मी बोलू का त्यांच्याशी?"

"बोल."

टीना ओसरीवर गेली आणि दोन मिनिटांत परत आली. हसू गेलेलं होतं. "ते म्हणाले, बेटा, तू नागपूरले परत जा, मंग पाहू. दादी, ते असं का म्हणाले? मी इथं असण्याचा आणि पाण्याचा काय संबंध?"



जेवणं आटोपली, टीना आतल्या खोलीत कूलरपुढं आडवी झाली. भागिरथीबाईंनी कपाटातून लाकडी डबी काढली. आत तीन मेडलं होती, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि वायुसेना मेडल, आणि त्यांच्याखाली घडी घातलेला कागद. त्या कागदातलं एक वाक्य त्यांना पाठ होतं: रात्रीच्या अंधारात शत्रूच्या मुलखात अचूक मार्गदर्शन. 'अचूक' म्हणताना त्यांचा आवाज दर वर्षी थोडा भरून येई. त्या ओसरीच्या सावलीत बसून फडक्यानं मेडल पुसू लागल्या. समोर आरामखुर्चीत पदमचंदजी डोळे मिटून पडले होते. पाय सुजले होते.

"कुठं चालली?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"शिबिरात. पोरायले गोष्ट सांगाले."

"नको जाऊ."

"दर साली जाते मी. अन् आज तं मले जायचंच हाय. तुमच्यासाठी काही मागाचं हाय तिथं."

"भागिरथी," ते म्हणाले, "त्या रात्री मी पाणी पेलो होतो."

फडकं थांबलं. त्यांना वाटलं, तापात बोलताहेत. कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"कोणत्या रात्री?"

"तुह्या गोष्टीतल्या रात्री." त्यांनी डोळे उघडले, पण बघत होते ते छताकडं. "चांदणं होतं. सव्वा वाजता उडालो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ती हवा अशी कोरडी असते, घसा लाकडासारखा होते. संध्याकाळपासून पाणी नाही. मी दिशा सांगून राह्यलो तं आवाजच फुटेना. भागवत विमान चालवत होता. त्याले काही आयकू जाईना. तो म्हणे, पदम, नेम जमिनीवर पाळ. पाणी पी. हुकूम हाय."

"मंग?"

"मंग काय. वळायले थोडा वेळ होता. मास्क सोडवला, हातमोजा काढला. तूच शिकवलं होतं ना, नेम सोडायची पाळी आली तं मूठ आवळून तीन नवकार म्हणायचे, मंग मूठ उघडायची, मंगच तोंडाले पाणी लावायचं. म्हणलो. सावकाश, पूर्ण. घाईत म्हणलं तं दोष लागते, असंबी तू म्हणाली होती. दोन घोट पेलो. घड्याळ पाह्यलं तं वळायची वेळ होऊन चाळीस सेकंद झाले होते."

भागिरथीबाईंनी हातातलं मेडल मांडीवर ठेवलं. चाळीस. बाहेर रस्ता उन्हात ओस पडला होता.

"चाळीस सेकंदांत काय होते एवढं?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना कळलं की उत्तर ऐकायचं नाही.

"सात किलोमीटर होते. भागवतले म्हणलो, वळ. उशीर झाला हे नाही म्हणलो. तेवढं म्हणलो असतो तं झालं असतं. नकाशावर दोन रेघा, नवी दिशा, बस. पण तो विचारता, काहून उशीर झाला? मूठ आवळून नवकार म्हणत होतो, हे मले त्याले सांगता नाही आलं. लाज वाटली. वाटलं, पुढं मीच भरून काढतो."

त्यांनी सुजलेले पाय खुर्चीखाली ओढले. 

"मंग नाकाच्या काचेत पालथा पडलो. तिथूनच बॉम्बचा नेम धराचा असते. खाली चांदीसारखी सरळ रेघ होती. मले रूळ पाहिजे होते, मले रूळ दिसले. रेघेच्या काठानं काळी रांग होती. मले मालगाडी पाहिजे होती, मले डबे दिसले. लेफ्ट, लेफ्ट, स्टेडी. बटन दाबलं. खाली उजेड झाला. त्या उजेडात त्या डब्यायच्या मधी झाडं दिसली."

भागिरथीबाई बघत राहिल्या.

"भागिरथी, मालगाडीच्या डब्यांत झाडं नसतात."

वाशीम स्टेशनात मालगाडी आली की हा माणूस फलाटाकडं पाठ करून उभा राहायचा. त्यांना वाटे, धुळीचा त्रास होत असेल. एकदा तर त्यांनी रुमालही पुढं केला होता.

"दुसऱ्या दिवशी नकाशावर पट्टी ठेवली. रूळ नव्हते ते. नहर होती, पाण्याचा कालवा. काठाले गाव. भागवतनं लिहून देल्लं होतं, बॉम्ब निशाण्यावर पडले, आग दिसली. मीबी सही केली. मंग हे मेडल आलं." त्यांनी मांडीवरच्या मेडलाकडं बोटही केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "भागवत मेला तवा मी त्याच्या घरी गेलो होतो. तवाबी नाही बोललो."

"माणसं... किती?"

"माहीत नाही. कोणी सांगतलं नाही, मी विचारलं नाही. घरं होती, एवढं पाह्यलं."

 आत कूलरचा पंखा फिरत होता. भागिरथीबाईंच्या मनात मात्र एकच चित्र उभं होतं, आणि ते विमानाचं नव्हतं. याच दारात एक एकोणीस वर्षांची मुलगी उभी होती. तिचा आवाज बारीक होता, लाडिक होता. ती सांगत होती, तीन म्हणायचे हं, सावकाश म्हणायचे, घाईत दोष लागते. त्या मुलीचं तोंड त्यांना दाबून धरावंसं वाटलं.

"म्हणून पाणी पेत नाही तुमी?"

"एकदा नेम मोडला तं ते झालं. आता मोडला तं कोणाचं काय होईन? तुहं? टीना घरात हाय." ते हे इतक्या साधेपणानं म्हणाले, जसं कुणी म्हणावं, अंगणात विस्तव आहे, पोरगी घरात आहे.

भागिरथीबाई उभ्या आयुष्यात नवऱ्याशी वरच्या आवाजात बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. पण जे म्हणायचं ते म्हणाल्या.

"पाण्यानं नाई झालं ते. तुमीच म्हणता, उशीर झाला एवढं सांगतलं असतं तं जमलं असतं. न बोलल्यानं झालं."

"हो."

"मंग पाणी काहून सोडता? बोलत काहून नाई?"

"आज बोललो नं." आणि मग त्यांनी मान वळवून प्रथमच त्यांच्याकडं पाहिलं. "अन् तू? तूबी तं त्रेपन्न वर्षं बोलूनच राह्यली. गावातलं लेकरू न् लेकरू मले वाटेत हात जोडते. त्या गोष्टीतला माणूस पाणी पेत नाही. तो मेला तरी पिणार नाही. तू जा, पोरायले सांग, की तो पेला होता. मंग रात्री आण पेला. मी पितो."

"टीनासाठी भ्या नाई वाटणार?"

"वाटन. तरी पितो."

साडेतीन वाजले. भागिरथीबाई उठल्या. काल बसमध्ये येताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं की शिबिरात सगळ्यांना सांगायचं, माझ्या मालकांसाठी एकेक नवकार म्हणा. आता डबी हातात घेताना त्यांना ती जड लागली. ही गोष्ट हीच तर त्यांची कमाई होती. मूल एकच झालं, तो मुलगाही मोटारीच्या अपघातात गेला, घरचं दुकान दुसऱ्याला दिलं, तरी स्थानकात त्यांना पुढच्या सतरंजीवर जागा असे. नेम देणारी बाई म्हणून. ती जागा आज आपल्याच हातानं गुंडाळायची. आणि गुंडाळली नाही, तर रात्री पेला पुन्हा भरलेलाच परत येणार. त्यांनी चपला घातल्या.

स्थानकात पंचवीस-तीस मुलं मांडी घालून बसली होती. मागं त्यांच्या आया. महासतीजी पाटावर बसल्या होत्या, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, त्यावर डोळे तेवढे दिसत. "या बाई," त्या म्हणाल्या, "पोरं सकाळपासून विचारून राह्यली, विमानवाली आजी कवा येते."

भागिरथीबाईंनी डबी उघडली. मुलं पुढं सरकली. नेहमीची सुरुवात ओठांवर आली, तार आली त्या दिवसाची. ती त्यांनी गिळली.

"बाळांनो," त्या म्हणाल्या, "मी दर साली तुमाले एक गोष्ट सांगते. ती खरी नाही. दादाजींनी त्या रात्री पाणी पेलं होतं."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. साधना, जी त्यांच्या शेजारी बसून दर वर्षी याच गोष्टीला डोळे पुसायची, ती मोठ्यानं म्हणाली, "भागिरथीबाई, उन्हातून आल्या काय वो? घोटभर सरबत घ्या आधी."

"मले कायी झालं नाई साधना. घसा कोरडा पडला होता, आवाज निघत नव्हता. त्यायनं पाणी पेलं. मले आज सांगतलं. मी तुमाले खोटं सांगत आली. माहीत नव्हतं, पण खोटंच."

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी मेडलाकडं बघत होती. "मंग हे काहून भेटलं त्यायले?"

भागिरथीबाईंनी तोंड उघडलं. उत्तर होतं त्यांच्याकडं. पण ते त्यांचं नव्हतं, आणि ते या मुलीचंही नव्हतं.

"सांग नं आजी. पाणी पेल्यावर काय झालं?"

इतक्या पोरांच्या नजरा होत्या, आणि त्यांच्या खांद्यांवरून त्यांना मागची भिंत दिसेना. नहरेच्या काठची घरं दिसली. त्या घरांतही एखादी दोन वेण्यांची असेल. असेल काय, असणारच. त्यांनी डबी मिटली आणि त्या खाली बसल्या. सतरंजीवर नाही. फरशीवर.

 महासतीजींनी डोळे मिटून मुलांकडून मांगलिकाचा पाठ म्हणवून घेतला. मुलं गेल्यावर भागिरथीबाई पाया पडल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाई, जे नाही सांगितलं ते सोबत घेऊन फिरू नका. रोजच्या प्रतिक्रमणात ठेवा, क्षमा मागताना." त्यांना कसं कळलं कोण जाणे.

सहा एकावन्नला सूर्य मावळला. भागिरथीबाई स्थानकातच प्रतिक्रमणाला बसल्या होत्या. सगळ्या जिवांची क्षमा मागायची ओळ आली. आयुष्यभर ती ओळ जिभेवरून सरसर गेली होती. सगळे जीव म्हटलं की कुणीच डोळ्यांपुढं उभं राहत नाही, हे त्यांना आज कळलं. ओळ अडली. बाकीच्या पुढं गेल्या, त्या तिथंच राहिल्या.

घरी आल्या तेव्हा पदमचंदजी ओसरीवरच होते. टीना शेजारी बसून त्यांच्या पायाला तेल लावत होती.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"कितीक?"

"पाण्यापुरतं. बाकीचं तुमचं हाय."

त्यांनी मान हलवली. भागिरथीबाई आत गेल्या, माठातलं पाणी गाळून पेल्यात घेतलं. स्वतःच्या जिभेला कोरड पडली होती, पण त्यांचा चौविहार सुरू झाला होता, आणि तो कुणी सोडायला सांगितला नव्हता. पेला पदमचंदजींच्या हातात दिला. दहाची वाट पाहिली नाही. टीना काही विचारणार होती, तिनं आजीचं तोंड पाहिलं आणि तेलाची वाटी बाजूला सरकवली.

पदमचंदजींनी पेला दोन्ही हातांत धरला. मूठ आवळली नाही, काही म्हटलं नाही. एक घोट घेतला. दुसरा. घशातून पाणी उतरल्याचा आवाज तिघांनाही ऐकू आला. पेला अर्धा झाला तेव्हा शेजारच्या घरात स्टीलचं ताट पडलं. ते दचकले, आणि त्यांचा हात आधी टीनाकडं गेला. तिचं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

"ताट पडलं दादाजी," ती म्हणाली. "ताट फक्त."

त्यांनी मनगट सोडलं नाही. ऐकत राहिले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. दर्ग्याकडून माणसांचे आवाज आले, लांबले, विरले. काही झालं नाही. पण काही होणार नाही असंही नवरा-बायकोला वाटलं नाही, आणि भागिरथीबाईंना कळलं की हे ऐकणं आता आपल्याही कानांना लागलं.

पदमचंदजींनी उरलेलं पाणी प्यायलं.

"नाव काय त्या गावाचं?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"कायले पाहिजे?"

"मले क्षमा मागाची हाय. सगळे जीव म्हणून नाई मागता येत आता. तीन नवकार मी शिकवले होते."

टीना एकदा दादाजींकडं, एकदा दादीकडं बघत होती.  ओल्या घशानं पदमचंदजींनी ते नाव घेतलं. साधं नाव होतं, आपल्याकडं इंझोरी म्हणावं, आसेगाव म्हणावं तसं. भागिरथीबाईंनी ते म्हणून पाहिलं. पदमचंदजींनी दुरुस्त केलं. बाईंनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ते नीट आलं.

"रोज घेशीन?" त्यांनी विचारलं.

"रोज. तुमीबी घ्या. मनात नाई, तोंडानं."

"दादी," टीना हळूच म्हणाली, "कोणाचं गाव हे?"

पदमचंदजींनी रिकामा पेला भागिरथीबाईंच्या हातात दिला आणि नातीकडं तोंड केलं. "बस इथं," ते म्हणाले. "सांगतो."